रॅकेटीआधीं पाय : पुण्यांतील चार दिवस

पुण्यास पाहुणा आला म्हणजे त्यास शनिवारवाडा, पर्वती आणि सारसबाग दाखविण्याची रीत आहे. आम्हीं मात्र गेल्या हिवाळ्यांत तेथें चार दिवस निराळ्याच हेतूनें घालविले. आमच्या यजमानांचा बारा वर्षांचा नातू टेनिस खेळतो. त्याच्यासंगें हिंडून, हीं मुलें खेळाकरितां आपले पाय कसे घडवितात, हें पाहावें असा बेत होता.

पहिली सकाळ पर्वतीची. नानासाहेब पेशव्यांच्या काळच्या ह्या देवस्थानास शंभरावर पायऱ्या आहेत. पायऱ्या रुंद व बेताच्या उंचीच्या, त्यामुळें आमच्यासारख्या मध्यमवयीनांसही चढण जड जात नाहीं. मुलगा पहिल्या झपाट्यांत आमच्यापुढें गेला. परंतु अर्ध्या वाटेवर बसून गुडघ्याखालीं चोळूं लागला. विचारतां म्हणाला, "काका, घरीं सांगूं नका हं. आजोबा खेळ बंद करतील." पूर्वीच्या एका शिक्षकानें मुलांना पाठीवर वाळूची पिशवी देऊन पायऱ्या चढावयास लाविलें होतें, हें तेव्हां कळलें.

त्याची समजूत घालून आम्हीं ही गोष्ट आजोबांच्या कानावर घातली, आणि त्याच दिवशीं मुलास डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं दुखण्याचें नांव ऑसगुड-श्लॅटर असें सांगितलें. मांडीचे बळकट स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून येऊन नडगीच्या हाडास जेथें मिळतात, ती जागा वाढत्या वयांत कोंवळी असते. उड्या व धांवणें यांचा अतिरेक झाला कीं तेथें ओढ बसून सूज येते. वाढ पुरी झाल्यावर बहुतेक मुलांचें हें दुखणें जातें. तोंवर भार हलका ठेवावा लागतो. "खेळ सोडूं नये, पण दुखणें लपवूं नये," हा त्यांचा निरोप ऐकून आजोबांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

दुसऱ्या दिवशीं मुलाच्या सध्यांच्या शिक्षकांचें मैदान पाहिलें. मुलगा त्या दिवशीं आमच्याजवळ कडेला बसला. टेनिसचा खेळाडू सरळ रेषेंत लांबवर असा धांवतच नाहीं. एकेरी खेळांत मैदानाची रुंदी 27 फूट, आणि मागच्या रेषेपासून जाळें 39 फुटांवर. एवढ्या चौकांत निघणें, थांबणें, वळणें व परत मध्यावर येणें, हेंच त्यास शेंकडों वेळां करावें लागतें. म्हणून शिक्षक प्रथम थांबावयास शिकवितात: बेताची उडी मारून गुडघे आंत न झुकवितां, आवाज न करितां जमिनीवर उतरावयाचें. मग बैठका, एका पायावर तोल, बाजूस लांब पाऊल टाकून बसणें, दोरीवरच्या उड्या. प्रतिपक्षाची रॅकेट चेंडूस लागतां लागतां दोन्ही पायांवर जी हलकी उडी घ्यावयाची, तिला स्प्लिट-स्टेप म्हणतात. ती साधली म्हणजे पाय दोन्हीं बाजूंस सारखेच सज्ज राहतात. शेवटीं पांच चेंडूंची शर्यत: मागच्या रेषेचे दोन कोपरे, सर्व्हिसच्या रेषेचीं दोन टोकें व तिचा मध्य, ह्या पांच जागांवरून एकेक चेंडू उचलून मागच्या रेषेच्या मध्यावर आणून ठेवावयाचा. शर्यत कांहीं सेकंदांचीच, पण नंतर विसावा पुरता. थकलेल्या पायांनीं चपळाई शिकतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें.

तिसऱ्या दिवशीं डेक्कन जिमखान्यावर गेलों. 1906 सालीं स्थापन झालेल्या ह्या संस्थेचें नांव आज टेनिससाठीं घेतलें जातें; पण 1914 सालीं खो-खोचे नियम बांधण्याचें श्रेयही तिचेंच. आदल्या दिवशींचा सराव डोळ्यांपुढें असल्यामुळें आम्हांस ही जोडी मोठी अर्थपूर्ण वाटली. खो मिळतांच बसल्या जागेवरून उसळणारा गडी, हुलकावणी देऊन खांबाजवळ अंग चोरणारा धांवणारा, आणि लंगडींत एकाच पायावर सारें मैदान पालथें घालणारी मुलगी, हीं सर्व तीच विद्या शिकत असतात. फरक इतकाच कीं ती त्यांस खेळतां खेळतां मिळते.

चौथ्या दिवशीं म्हाळुंगे-बालेवाडीचें क्रीडासंकुल पाहिलें. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं तें उभारलें गेलें, आणि 2018 पासून 2023 पर्यंत तेथें जागतिक दर्जाच्या पुरुष खेळाडूंची टेनिसस्पर्धा भरत असे. रिकाम्या सज्जांकडे पाहून मुलगा कितीतरी वेळ बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "आजोबा, मला इथें खेळायचंय." आजोबांनीं नुसती मान हालविली, पण ती होकारार्थी होती.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे. महागडी रॅकेट घेण्याची घाई करूं नये. आधीं अंगणांत लंगडी व खो-खो खेळूं द्यावें, मुलींसही. उड्यांचे व्यायाम एक दिवसाआड, मऊ जमिनीवर, थोडेच असावेत. मोठ्या माणसांचीं वजनें मुलांच्या पाठीवर लादूं नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचें, "दुखतंय" हा शब्द मुलास घरांत निर्भयपणें उच्चारतां यावा. ज्या घरांत तो दडवावा लागतो, तेथें उत्तमांत उत्तम शिक्षकाचाही इलाज चालत नाहीं.