मोटार दाराशी, मी स्कुटीवर

"काय बाबू, गाडी विकली काय?"

ऑफिसच्या स्टँडवर स्कुटी लावली की आजही कोणी ना कोणी मला हा प्रश्न विचारतो. विचारणाऱ्याच्या आवाजात कधी काळजी असते, तर कधी थोडा आनंदही असतो. खरे उत्तर असे की, गाडी विकलेली नाही. ती दाराशी उभी आहे. मी मात्र ऑफिसला स्कुटीने जातो. एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण या एवढ्याशा गोष्टीने माझ्या घरात आठवडाभर अबोला झाला होता. म्हणून वाचक बंधू-भगिनींसाठी हे लिहीत आहे.

आमचे घर उत्तर नागपुरात आणि ऑफिस सिव्हिल लाइन्सला. अंतर सात किलोमीटर. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. तोवर बाबांनी एकाच सायकलवर सगळ्या पाळ्या केल्या. त्या सायकलच्या जोरावर मी बी. कॉम. झालो आणि पुढे परीक्षा देऊन लिपिक म्हणून लागलो.

२०१६ साली पतसंस्थेचे कर्ज काढून मी जुनी अल्टो घेतली. आमच्या घराण्यातली ती पहिली चारचाकी. पहिल्या दिवशी आम्ही सारे दीक्षाभूमीवर जाऊन आलो. बाबा पांढरा सदरा घालून पुढच्या सीटवर बसले होते. जाता-येता एक शब्द बोलले नाहीत, फक्त काचेतून बाहेर पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून ओल्या फडक्याने गाडी पुसणे हा त्यांचा नेम झाला. गाडी बाहेर निघो वा न निघो, पुसली जाणारच.

सात वर्षे मी त्या गाडीने ऑफिसला गेलो. पुढे कामठी रोडवर मेट्रोचे आणि दुमजली उड्डाणपुलाचे काम सुरू झाले. तो पूल २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला, पण त्याआधीची वर्षे आम्ही खांब मोजत काढली. सात किलोमीटरला पाऊण तास लागे. ऑफिसात तीन लेटमार्क झाले की एक नैमित्तिक रजा जाई. ऑफिसपाशी पोहोचल्यावर गाडी लावायला जागा नसे. शेवटी दूर झाडाखाली लावून धावत यावे लागे.

२०२३ च्या जूनमध्ये मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली. तिची स्कुटी जिन्याखाली कापड पांघरून उभी राहिली. एक दिवस फार उशीर झाला, म्हणून मी तीच काढली. रंग फिकट जांभळा, पुढे फुलपाखराचे चित्र चिकटवलेले. पहिल्या चौकात माझा उजवा पाय सवयीने ब्रेक शोधत राहिला, आणि ब्रेक तर दोन्ही हातांत होते! तरी पंचवीस मिनिटांत ऑफिसात पोहोचलो. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले.

वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे महिनाअखेरीस जमाखर्च मांडला. रोजचे चौदा किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस. गर्दीत मोटार लिटरला बाराच्या वर जात नव्हती, म्हणजे महिन्याला अठ्ठावीस लिटर. स्कुटी पंचेचाळीस देते, म्हणजे साडेसात लिटर. पेट्रोल शंभर रुपये धरले तरी दोन हजार रुपये वाचले. तेवढ्यात मुलीच्या खानावळीचा बराच भार उचलला जातो. शिवाय सत्तर किलोच्या एका लिपिकाला नेण्यासाठी रोज सातशे किलोची गाडी ओढायची, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? स्कुटीचे वजन त्र्याण्णव किलो. ताळेबंदात मोटारीचा घसारा दिसतो, विम्याचा हप्ता दिसतो. मोटारीमुळे मिळणारी ख्याती मात्र कुठे लिहायची, हे मला कळेना. आणि खरी अडचण तिथेच होती.

ऑफिसात सहकारी हसले. "पोरीची गाडी पळवली," म्हणाले. ते मी हसण्यावारी नेले. गल्लीत कुजबुज झाली की, कर्ज फार झाले असेल, हप्ते थकले असतील. तेही सोसले. पण बाबा बोलेनासे झाले. ते सकाळी उठून मोटार पुसत. मी शेजारून स्कुटी काढली की मान वळवीत.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. मी वस्तीत थोडेफार सामाजिक काम करतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, निराधारांचे कागद, असे ते काम. आमच्या मागच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही. त्यामुळे काम रविवारवर ढकलायचे आणि रविवारी दुसरेच काही निघायचे, असे सात वर्षे चालले होते. स्कुटीवर येऊ लागलो तेव्हा संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी एका आजीने हात करून थांबवले. पदराच्या गाठीतून तिने बँकेचे पासबुक काढले. संजय गांधी निराधार योजनेचे तिचे पैसे चार महिन्यांपासून आले नव्हते. खात्याला आधार जोडलेले नव्हते, एवढेच कारण. काम एका सकाळचे होते. मी म्हणालो, "आजी, आधी का नाही सांगितलं? मी तर रोज इथूनच जातो."

आजी म्हणाली, "तू मोटारीतून जाय, काचा बंद. कोन हाक मारीन तुले?"

त्या रात्री मला जेवण गेले नाही. चार महिने मी त्या आजीच्या अंगावरून गेलो होतो. तिने मला पाहिले होते, मी तिला पाहिले नव्हते. आपण समाजाचे काम करतो अशी समजूत करून घ्यायची आणि काच वर करून गार हवेत बसायचे, हे दोन्ही एकाच वेळी चालले होते.

ही गोष्ट मी घरी सांगितली. बाबांनी ऐकून घेतली. मग आठवड्यानंतर पहिल्यांदा बोलले.

"तुले माहीत आहे का, मी मोटार काऊन पुसतो? आमच्या गावात पाटलाच्या वाड्यापुढून सायकलवर बसून जायची सोय नव्हती. उतरून, हातात धरून न्या लागे. वाडा मागे गेला की मग बसायचं. मी पोरगा होतो तवा. आता माहा पोरगा मोटारीत बसते, कोनी उतर म्हणत नाही. अन् तू आपल्याच मनानं उतरतं?"

मला उत्तर सुचले नाही. वाहनाशी आपल्या माणसांचे नाते साधे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये चाळीसगावची हकिगत लिहिली आहे. १९२९ साली सरकारी समितीच्या कामानिमित्त ते खानदेशात गेले होते. स्टेशनवर टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. आपल्या पाहुण्याने वस्तीपर्यंत पायी चालावे, हे तिथल्या लोकांना कमीपणाचे वाटले. तेव्हा टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीपाशी टांगा कलंडला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. माणसे प्रेमाची होती. परंतु मान राखण्याच्या नादात जीव धोक्यात आला, हेही बाबासाहेबांनी स्पष्टपणे नोंदवून ठेवले आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हणालो, "बाबा, तुम्हाला दुसरा कोणी उतरायला लावत होता. मला कोणी उतरवलं नाही. उद्या मनात आलं तर मी पुन्हा मोटारीत बसेन. तुम्ही जे मिळवून दिलं ते हेच."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हेल्मेट चांगलं घे. सायकलवरून पडला तर गुडघा फुटते. याच्यावरून पडला तर डोस्कं."

त्यांचे म्हणणे खरे आहे. २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली दर शंभरात सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. स्कुटीची चाके लहान, खड्ड्यात चटकन अडकतात. म्हणून मी आयएसआय शिक्क्याचे, तोंड झाकणारे हेल्मेट घेतले आहे आणि त्याचा पट्टा बांधल्याशिवाय चावी फिरवत नाही. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे ठेवले आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधून निघावे लागते. धो-धो पाऊस असला तर मी मुकाट्याने मोटार काढतो. त्यात हट्ट कसला?

मोटार आता तिच्या कामापुरती निघते. बाबांना दवाखान्यात न्यायचे असते, सहकुटुंब लग्नाला जायचे असते, कोणाला रात्री-अपरात्री गरज पडते. गल्लीतल्या एका सुनेला तिने वेळेवर प्रसूतीसाठी पोहोचवले आहे.

आपल्यातल्या तरुणांनी मोटार घेऊ नये, असे मी म्हणत नाही. जरूर घ्यावी, ज्यांना आयुष्यभर पायी चालावे लागले त्या आई-वडिलांना पुढच्या सीटवर बसवावे. परंतु शेजाऱ्याने घेतली म्हणून सात वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेऊ नयेत. आणि घेतलीच, तर आपल्या गल्लीतून जाताना काच थोडी खाली असू द्यावी.

बाबा आजही सकाळी मोटार पुसतात. स्कुटी अजून पुसत नाहीत, ती मीच पुसतो. मात्र मी निघालो की ओट्यावरून एकदा विचारतात, "पट्टा लावला का?"