लंडन युनिव्हर्सिटी नक्की कुठे आहे?

भारतातून आलेले पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांना रसेल स्क्वेअरजवळची सेनेट हाऊसची उंच पांढरी इमारत दाखवली, की ते फोटो काढतात आणि मग विचारतात, ‘पण वर्ग कुठे भरतात?’ वर्ग भरतात शहरभर पसरलेल्या कॉलेजांत! मंडळी, हे कोडं समजायला थोडा इतिहास उकरावा लागतो.

गोवर स्ट्रीटवर 1826 साली धर्माची अट न घालणारं कॉलेज निघालं. ते स्वतःला ‘लंडन युनिव्हर्सिटी’च म्हणवून घेई. चर्चच्या लोकांना ते कसं रुचणार? त्यांनी 1829 मध्ये किंग्ज कॉलेज काढलं. पदवी कोणी द्यायची यावरून वाद पेटला, तेव्हा 1836 साली सरकारने तोड काढली : तिसरीच संस्था, नाव लंडन युनिव्हर्सिटी, काम फक्त परीक्षा घेण्याचं. शिकवायचं कॉलेजांनी, तपासायचं युनिव्हर्सिटीने.

ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. 1857 साली मुंबई विद्यापीठ याच नमुन्यावर उभं राहिलं. माझे वडील पुण्यात फर्ग्युसनला शिकले, पण पुणे विद्यापीठ 1949 चं, त्यामुळे त्यांच्या पदवीवर नाव मुंबईचं. ते मात्र जन्मभर ‘आम्ही फर्ग्युसनचे’ असंच सांगत!

लंडनने पुढे आणखी धाडस केलं. 1858 पासून कॉलेजात पाऊल न टाकताही परीक्षेला बसता येऊ लागलं आणि 1878 मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या झाल्या. 1900 च्या सुमारास युनिव्हर्सिटी स्वतः शिकवणीतही उतरली आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारखी कॉलेजं तिच्या छत्राखाली आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले तिथे, पण 1923 ची त्यांची डी.एस्‌सी. लंडन युनिव्हर्सिटीची.

आता माझं सांगते. 1981 साली इथे आले तेव्हा माझ्या मुंबईच्या बी.ए.ला ऑफिसात कोणी विचारीना. टायपिंग एके टायपिंग. मग बर्कबेकमध्ये नाव घातलं. ते 1823 साली कामगारांसाठी सुरू झालेलं, संध्याकाळी वर्ग भरणारं कॉलेज. दिवसभर नोकरी, सहा ते नऊ वर्ग, घरी आल्यावर कुकर. कितीदा ट्यूबमध्ये झोप लागून स्टेशन मागे गेलं! पण पदवी मिळाली तीवर नाव होतं लंडन युनिव्हर्सिटीचं. गोवर स्ट्रीटवर दिवसा शिकणाऱ्या बड्या घरच्या मुलांच्या कागदावरही तेच. ऑफिसात तो कागद दाखवला तेव्हा ‘संध्याकाळचं कॉलेज का?’ असं कोणी विचारलं नाही.

2007 मध्ये इम्पीरियल कॉलेज बाहेर पडलं. त्याच सुमारास यूसीएल, किंग्ज वगैरे बडी कॉलेजं युनिव्हर्सिटीत राहूनच स्वतःच्या नावाने पदव्या देऊ लागली. माझी लेक 2011 साली यूसीएलमधून पास झाली. तिच्या कागदावर लंडन युनिव्हर्सिटीचं नाव नाही. ती म्हणते, ‘आई, जगात यूसीएललाच ओळखतात.’ बरोबर आहे तिचं. मोठ्या कॉलेजांना सामायिक नावाची गरज उरली नाही. गरज असते ती नोकरी करून शिकणाऱ्यांना, आणि तेच मला खटकतं.

माझी आई पुण्यात अजून सगळ्यांना सांगते, ‘नात लंडन युनिव्हर्सिटीत शिकली.’ लेक दर वेळी तिची चूक दुरुस्त करायला जाते. मी तिला गप्प बसवते.