ताईचा मोतीबिंदू आणि तुझं एचएसए

एडिसन, नोव्हेंबर २०२५

चि. निखिल,

ताईच्या मोतीबिंदूचे पैसे एचएसएतून, म्हणजे तुझ्या हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमधून, देता येतील का, असं विचारलंयस. नाही येणार. आईवडिलांचा खर्च या खात्यातून करायचा, तर आयआरएसच्या लेखी ते तुझ्यावर अवलंबून असावे लागतात. तसं ठरायला ते एकतर अमेरिकेचे नागरिक हवेत, नाहीतर अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोचे रहिवासी. म्हणजे मेक्सिकोतली आई चालते, साताऱ्यातली नाही! तरी रेटून काढलेस, तर त्या रकमेवर आयकर आणि वर २० टक्के दंड. पासष्टीनंतर दंड सुटतो, पण तुझी पासष्टी कुठली एवढ्यात.

तुझ्या स्वतःच्या उपचारांना मात्र देशाची आडकाठी नाही. सुट्टीत पुण्याला रूट कॅनाल केलंस तर ते बिल चालतं. विमानाचं तिकीट त्यात घुसडू नकोस म्हणजे झालं.

पण वाट आहे. गेल्या उन्हाळ्यात तू लेझिक करून घेतलंस आणि पैसे खिशातून भरलेस. एचएसए तर त्याच्या आधीपासूनचं. खातं उघडल्यानंतर झालेला खर्च त्यातून केव्हाही वसूल करता येतो, त्याला मुदत नाही. दहा वर्षांनी मागितलास तरी चालतो. फक्त तो विम्याने भरून दिलेला नसावा, टॅक्स रिटर्नमध्ये त्याची वजावट घेतलेली नसावी, आणि पावती जवळ हवी. तेव्हा ते बिल शोध, तेवढी रक्कम आपल्या बँकेत वळती कर आणि रिटर्नबरोबर फॉर्म ८८८९ भर. एकदा पैसे हातात आले की त्यांचं काय केलंस हे कोणी विचारत नाही. साताऱ्याला पाठव.

पावत्यांचे फोटो काढून ठेवत जा, फार्मसीच्या कागदावरची शाई बघता बघता उडते. आणि हॉस्पिटलचं बिल आलं रे आलं की कार्ड काढायचं नाही. आधी विमा कंपनीचं ईओबी, म्हणजे त्यांचा हिशेबाचा कागद, येऊ दे. त्यात तुझ्या वाट्याला किती, ते लिहिलेलं असतं. तो आकडा बिलाशी जुळला तर भर, नाही जुळला तर फोन कर. आमच्या एका लॅबचं बिल असंच एका फोनवर खाली आलं होतं.

पुढच्या वर्षी हाच प्लॅन घेऊ का, हा तुझा दुसरा प्रश्न. खात्यात मला खोट दिसत नाही. २०२६ मध्ये एकट्याला ४,४०० डॉलर भरता येतील. पगारातून परस्पर कापून घेतलेस तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्केही वाचतात. एफएसएतल्या (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट) पैशांसारखे हे वर्षाअखेरीस बुडण्याची धास्ती नाही, नोकरी सोडलीस तरी खातं तुझंच. (आमचं न्यू जर्सी राज्य एचएसएची करसवलत मानत नाही. टेक्ससवाल्यांना राज्याचा आयकरच नाही, तुम्हाला काय कळणार ते दुःख!) पण या खात्यामागे मोठ्या डिडक्टिबलचा विमा घ्यावाच लागतो, पुढच्या वर्षी ते डिडक्टिबल कमीत कमी १,७०० डॉलरचं. वार्षिक तपासणी फुकट, बाकी तेवढे पैसे भरेपर्यंत बहुतेक सगळं आपल्या खिशातून.

माझी एक मैत्रीण जिना चढताना दम लागतो म्हणते, पण डॉक्टरकडे जात नाही. खात्यात पैसे आहेत, चांगले गुंतवलेले आहेत, पण वाढताना दिसतात म्हणून मोडवत नाहीत. सगळे सल्लागार सांगतात, एचएसएला हात लावू नका, म्हातारपणी कामाला येईल. ज्याला काही होत नाही त्याने खुशाल ऐकावं. तुला दमा आहे. इन्हेलर संपत आला की पैशांकडे बघून दिवस ढकलणार असशील, तर कमी डिडक्टिबलचा प्लॅन घे आणि कर भर. तसं होणार नसेल, तर आहे तोच ठेव.

ताई लेन्स स्वस्तातलीच घेईन म्हणेल. डॉक्टरांशी तूच बोल, आणि तिला विचारण्याआधी पैसे भरून टाक.

तुझी,
मावशी