बॉन शहरांत तीन दिवस

पश्चिमेकडील प्रवासास गेलेली आपल्याकडील मंडळी लंडन, पॅरिस, रोम अशीं मोठमोठीं नांवें घेऊन परततात. आमच्या वांट्यास मात्र ऱ्हाईन नदीच्या कांठचें बॉन हें लहानसें शहर आलें, आणि तेंही अवघे तीन दिवस. २०२४ सालच्या वैशाखांत आम्ही उभयतां जर्मनींत कोलोन येथें धाकट्या चिरंजिवांकडे गेलों होतों. तेथून बॉन आगगाडीनें सुमारें अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. जन्मभर मुलांकडून ‘रामः रामौ रामाः’ घोकवून घेतलेल्या मनुष्यास या गांवाची ओढ कां असावी, हें पुढें येईलच.

प्रथम एक कबुली देणें भाग आहे. गेलीं तीनचार वर्षें आम्हांस कमी ऐकूं येतें. ही गोष्ट आम्हीं कोणाजवळ कबूल केली नव्हती. घरीं दोन मुलें रघुवंश शिकावयास येत. त्यांचे ऱ्हस्वदीर्घ आम्हांस कळेनासे झाले, तेव्हां “आतां सवड होत नाहीं” असें सांगून आम्हीं तो पाठ बंद केला. चिरंजिवांनीं आणून दिलेलें श्रवणयंत्र डबीसकट कोटाच्या खिशांत पडून असे. कानांत यंत्र घालून चारचौघांत बसणें म्हणजे म्हातारपणाची पाटी गळ्यांत अडकविणें, असें आम्हांस वाटे.

बॉनच्या स्टेशनाबाहेर पडून थोडें चाललें कीं जुनें गांव लागतें. १९४९ पासून पश्चिम जर्मनीचा कारभार याच गांवांतून चाले. पुढें दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि १९९९ मध्यें सरकारानें आपलें बिऱ्हाड बर्लिनास हलविलें. पण राजधानीचा तोरा येथें कोठेंच दिसत नाहीं. अरुंद गल्ल्या, सायकलींवरून जाणारे विद्यार्थी, रोट्यांचीं व फुलांचीं दुकानें, आणि पलीकडे संथ वाहणारी रुंद ऱ्हाईन. माल वाहणाऱ्या लांबच लांब नौका तींतून जात असतात. सौ. ला ती पाहून कृष्णामाईच्या घाटाची आठवण झाली. आम्हांस मात्र पायऱ्या नाहींत याची चुकचुक लागली.

बाजारचौकांत जुन्या नगरभवनासमोर फरसबंदींत ठिकठिकाणीं कांशाच्या पुस्तकांच्या पाठी बसविलेल्या आहेत व त्यांवर ग्रंथांचीं आणि ग्रंथकारांचीं नांवें आहेत. १० मे १९३३ रोजीं याच चौकांत नाझींनीं पुस्तकांची होळी केली. तिची ही आठवण २०१३ मध्यें बसविण्यांत आली. लोक त्यांवरून सहज चालत होते. सौ. मात्र पुस्तकास पाय लागूं नये म्हणून साडीचा घोळ सांवरून वळसा घालून गेली. तें पाहून एक वृद्ध जर्मन गृहस्थ थांबले, आणि त्यांनींही आपलें पाऊल बाजूस घेतलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही बेथोव्हेनच्या घरीं गेलों. पाश्चात्त्य संगीतांतील हा महापुरुष १७७० च्या डिसेंबरांत येथें जन्मला. हें घर पाडलें जाण्याच्या बेतांत होतें. तेव्हां गांवांतील बारा नागरिकांनीं १८८९ मध्यें एक मंडळ स्थापून तें वांचविलें. पाश्चात्त्य गायनवादनांतलें आम्हांस कांहींच कळत नाहीं. त्याचा शेवटचा पियानो, त्यानें तरुणपणीं वाजविलेलें व्हायोला हें वाद्य, त्याच्या हातचीं स्वरलेखनाचीं पानें, हें सर्व आम्हीं परक्या घरचीं भांडीं पाहावीं तसें पाहिलें. परंतु एका कांचेच्या कपाटापुढें पाय थबकले. तेथें धातूचे कर्णे ठेविले होते. तालयंत्रामुळें प्रसिद्धीस आलेला मेल्त्सेल यानें ते बेथोव्हेनसाठीं केले होते. आपल्याकडे कर्णा तोंडास लावून फुंकतात. हे कानाला लावून ऐकावयाचे होते!

चिरंजिवांनीं तेथील माहिती आम्हांस कागदावर लिहून दाखविली. बेथोव्हेन तिशीच्या आंतच कमी ऐकूं लागला. १८०२ मध्यें भावांना उद्देशून लिहिलेल्या एका पत्रांत त्यानें आपलें दुःख उघड केलें आहे. लोकांना ‘मोठ्यानें बोला, मी बहिरा आहें’ असें सांगण्याची लाज वाटते, म्हणून आपण माणसें टाळतों, आणि लोक आपणांस तुसडा समजतात, असा त्याचा आशय. तें पत्र धाडलेंच गेलें नाहीं. त्याच्या मरणानंतर कागदपत्रांत सांपडलें. १८१८ पासून भेटावयास येणारी मंडळी आपलें बोलणें वहींत लिहून दाखवीत. आम्हीं आमच्या हातांतील कागदाकडे पाहिलें, आणि चिरंजिवांकडे पाहावयाचा धीर झाला नाहीं.

पण आम्ही आलों होतों तें श्लेगेलसाठीं. बॉनचें विश्वविद्यालय १८१८ मध्यें स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल याची तेथें नेमणूक झाली. जर्मनींतील संस्कृताच्या अध्यापनाचा पाया त्यानें घातला. देवनागरी खिळे पॅरिसांत तयार करवून घेऊन त्यानें १८२३ मध्यें लॅटिन भाषांतरासह भगवद्गीता छापली. त्याचा शिष्य लासेन, पुढें हस्तलिखितांची प्रचंड सूची करणारा आउफ्रेक्ट, आणि मग याकोबी, अशी ही येथील परंपरा. याकोबीनें १८९३ मध्यें ज्योतिषाच्या आधारें वेदांचा काळ मागें नेला. त्याच वर्षीं लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ प्रसिद्ध झाला, आणि दोघांनींही एकमेकांपासून स्वतंत्रपणें हा विचार केला होता. विश्वविद्यालयाची मुख्य इमारत म्हणजे जुना राजवाडा. १८ ऑक्टोबर १९४४ च्या बॉम्बवर्षावांत तो जळाला आणि ग्रंथालयाचीही मोठी हानि झाली. युद्धानंतर तो पुन्हां उभारला गेला.

श्लेगेल कधीं हिंदुस्थानांत आला नाहीं. वयाच्या पंचेचाळिशीनंतर पॅरिसांत ग्रंथांवरून तो संस्कृत शिकला. जी विद्या आमच्याकडे गुरुमुखांतून कानीं पडते, ती त्यानें डोळ्यांनीं मिळविली. आमचे शास्त्रीबुवा अशा विद्येस ‘मुकी विद्या’ म्हणत. पण कान नसतांनाही ज्यानें एवढें केलें, त्याला हंसण्याचा अधिकार, कान असून ते झांकून बसलेल्या आम्हांस कोठून?

तिसऱ्या दिवशीं जुन्या स्मशानभूमींत गेलों. मोठमोठ्या वृक्षांची ती शांत बाग आहे. बेथोव्हेनची आई येथेंच आहे, संगीतकार शूमान व त्याची पत्नी क्लारा येथेंच आहेत, आणि श्लेगेलही. त्याच्या समाधीपुढें सौ. नें वहाणा काढल्या, हात जोडले, आणि तिचे ओठ हालूं लागले.

“काय म्हणतेस?” आम्हीं विचारलें.

तिनें सांगितलें तें आम्हांस कळलें नाहीं. चिरंजीव सवयीनें खिशांतला कागद काढूं लागले. आम्हीं त्यांचा हात धरला, कोटांतली डबी काढली, आणि ते दोन चिमुकले दाणे कानांत बसविले. प्रथम खड्यांवरच्या पावलांचा केवढा आवाज! मग पानांची सळसळ, कोठें तरी पांखरूं, आणि त्यांत सौ. चा आवाज, गीतेचा पंधरावा अध्याय.

“हा कधीं पुन्हां सुरू केलास? दोन वर्षें सोडला होतास ना?”

“सोडला कुठें? रोज दिवेलागणीस म्हणतें कीं. तुम्ही शेजारींच बसलेले असतां.”

आम्ही कांहीं बोललों नाहीं. ती पुढें म्हणूं लागली. सातव्या कीं आठव्या श्लोकाशीं एक विसर्ग गिळला गेला, आणि आमच्या तोंडून आपोआप शुद्ध पाठ निघाला. ती हंसली. “म्हणजे आतां खरेंच ऐकूं येतें म्हणायचें!”

श्लेगेलच्या समाधीवर आम्हीं दोन फुलें वाहिलीं आणि संध्याकाळच्या गाडीनें कोलोनास परतलों. गांवीं आल्यावर त्या दोन मुलांना निरोप धाडला. रघुवंशाचा दुसरा सर्ग अर्धा राहिला होता, तो पुन्हां सुरू झाला आहे. यंत्र कानांत असतें. मुलांनीं पहिल्या दिवशीं त्याकडे टक लावून पाहिलें. दुसऱ्या दिवसापासून त्यांचें सारें लक्ष आपले ऱ्हस्वदीर्घ संभाळण्याकडे लागलें आहे.