नऊ रेघा

गाय गाभण राहिली की आई गोठ्यात, गव्हाणीच्या वर, मातीच्या भिंतीवर चुलीतल्या कोळशानं दर महिन्याला एक रेघ ओढायची. घरात कॅलेंडर होतं, पण त्यावर वाण्याचा आणि इस्त्रीवाल्याचा हिशेब. गायीचा हिशेब भिंतीवरच. नववी रेघ पडली की आईची झोप अर्ध्यावर यायची. २०११च्या जूनमध्ये ती गेली, तेव्हा भिंतीवर पाच रेघा होत्या.

आमचं गाव वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या वाटेवर. अण्णा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, तेव्हा ७३ वर्षांचे. उभ्या संसारात त्यांनी गायीच्या कासेला हात लावला नव्हता. तेरावं झालं आणि आम्ही भावंडांनी ओसरीवर बसून ठरवून टाकलं, चंद्री विकायची आणि अण्णांना पुण्याला न्यायचं. गिऱ्हाईकही आलं. अण्णा त्या दिवसांत कुणाशीच बोलत नसत, पुढ्यातलं ताट तसंच निवून जाई. पण त्या माणसानं दाव्याला हात घातला तसे उठले आणि म्हणाले, "पाच रेघा झाल्यात. अशी नाही पाठवायची तिला."

आम्हाला तो हट्ट वाटला. त्या दिवशी चंद्री गेली असती तर तिच्यामागून अण्णाही फार दिवस राहिले नसते, असं आज मला मनापासून वाटतं.

चंद्रीनं चार दिवस धार दिली नाही. हात बदलला की गाय पान्हा चोरते. शेजारच्या काकू बसून बघून आल्या, त्यांच्यावरही तिनं लाथ उगारली. मग काकूच म्हणाल्या, "गुरुजी, वहिनींचं नेसतं पातळ असलं तर बघा." खुंटीवर आईचं हिरवं सुती पातळ तसंच होतं, कुणी धुतलं नव्हतं. अण्णांनी ते डोक्यावरून, खांद्यावरून घेतलं आणि चरवी गुडघ्यांत धरून उकिडवे बसले. चंद्रीनं मान वळवून पदर हुंगला, कितीतरी वेळ हुंगला, चाटला. मग चरवीत धार वाजली. आई गेल्यापासून अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते त्या पातळाच्या आड आलं, असं काकूंनी मला पुढं सांगितलं.

त्यानंतर घराला पुन्हा वेळापत्रक आलं. पहाटे पाचला शेण काढायचं, सरकी भिजवायची, कडबा तोडून टाकायचा, धार. चंद्रीचं झाल्याखेरीज आई तोंडात चहा घालत नसे. अण्णांनीही तेच धरलं, आणि तिच्यामागून का होईना, दोन घास पोटात जाऊ लागले. फोनवर मी तब्येत विचारायची, ते चंद्रीची सांगायचे. डॉक्टरांकडून २८० दिवसांचा हिशेब समजून घेऊन त्यांनी वहीत तारीख मांडली होती. तरीही महिना भरला की कोळसा घेऊन ते भिंतीशी जात. आईच्या रेघा तिरक्या. अण्णांच्या, फळ्यावर काढाव्यात तशा सरळ.

कोजागिरीनंतर दोन दिवसांनी पहाटे फोन आला. "कालवड झाली. तासाभराच्या आत चीक पाजला." वाक्यं एवढीच, पण आवाज जुना होता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो. तिचं नाव पुनी ठेवलं. वासराचं भागल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस त्यांनी आळीत घरोघर वाटला, आई वाटायची तसाच.

वसुबारसेला मी गावी गेले. घरात वर्षाचा दुखवटा, सण करायचा नव्हता. पण संध्याकाळी आळीतल्या बायका आपापली ताटं घेऊन आमच्या गोठ्यात आल्या. गाय-वासरू आमच्याकडेच होतं ना! त्यांनी चंद्रीच्या पायांवर पाणी घातलं, पुनीला ओवाळलं. त्या दिवशी अण्णांनी धार काढली नाही, सगळं दूध पुनीचं. रात्री काकूंनी धाडलेली बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी आम्ही दोघं गोठ्याच्या उंबऱ्याशी बसून जेवलो. आईचा विषय अण्णांनी स्वतःहून काढला. लग्नात तिच्या माहेरहून आलेल्या गायीची गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

२०२२मध्ये लम्पी आला. गुरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली जाऊ लागली. पुनी तेव्हा ११ वर्षांची, अण्णा ८४. तिला लस दिली तरी ते रोज तिन्हीसांजेला गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करत, गोचीड राहू नये म्हणून तिच्या कानामागं, शेपटीखाली बोटांनी चाचपत. पुनी वाचली.

अण्णा पुढच्याच वर्षी गेले. पुनी आता काकूंच्या दावणीला आहे. दिवाळीआधी मी जाऊन आमचा गोठा सारवून घेते. गव्हाणीवरची भिंत सोडून. तिथं पाच तिरक्या रेघा आहेत आणि चार सरळ.