स्वल्प तडी...

"स्वल्प तडी... अजून फिरतंच आहे बघ," फोनवर आई म्हणाली. स्क्रीनवरचं ते गोल चक्र तिच्यासमोर फिरत होतं आणि मी इकडं कानाला फोन लावून बसलो होतो.

आई सध्या अक्काकडं असते, सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्याला. मेहुणे तिथल्या एका डाइंग मिलमध्ये आहेत. त्यांच्या घरात मोबाइलची रेंज जेमतेम. अण्णांनी आईला लिहिलेली पत्रं आम्ही दिवाळीच्या सुट्टीत टाइप करून इंटरनेटवर चढवली, घरच्यांपुरती. अण्णांची भाषा मराठी, आईचं माहेर कन्नड, त्यामुळं पत्रात दोन्ही. आईला मोतीबिंदू, म्हटलं, मोबाइलवर अक्षरं मोठी करून वाचेल. पण पान उघडायला तर हवं!

सगळी मांडणी अक्काच्या मुलाची. तो इंजिनिअरिंगला आमच्याकडं राहतो. त्याचा सर्व्हर नोड जेएसवर चालतो, म्हणजे जावास्क्रिप्टवर. मी इतिहासाचा मास्तर, मला काय कळणार? पण त्यानं एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली. युटीएफ-8 या पद्धतीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3. काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. मी विचारलं, "आणि कन्नडला?" "तेवढेच, मामा." चला, निदान इथं तरी सीमावाद नाही!

उपाय होता दाबून पाठवण्याचा. जीझिप नावाची ही पद्धत 1992 ची. एखादा मजकूर पुन्हा आला, की तो पुन्हा न लिहिता 'मागं इतक्या अंतरावर आहे तोच, इतका लांब' एवढीच खूण ठेवायची. अण्णांच्या प्रत्येक पत्रात 'काळजी नसावी' आणि 'उत्तर ताबडतोब पाठवणे' असायचंच. माझ्या मते आपले पूर्वज हेच करत होते. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, त्याचं सा. न. वि. वि. मात्र वाचणाऱ्याला ते उलगडता आलं पाहिजे. माझ्या वर्गात याचा अर्थ विचारला तर निम्मी मुलं खाली बघतात. ब्राउझर त्याबाबतीत शहाणा, पान मागतानाच सांगून ठेवतो, मला जीझिप कळतं. न सांगणाऱ्याला सर्व्हर न दाबताच पाठवतो.

भाच्यानं कॉम्प्रेशन नावाचं पॅकेज आणलं, एक ओळ घातली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. पलसाण्याला पुन्हा "स्वल्प तडी". तासभर डोकं खाजवल्यावर चूक सापडली. ती ओळ त्यानं अगदी तळाला लिहिली होती. सर्व्हर वरून खाली एकेक ओळ घेत जातो. पान पाठवणारी ओळ वर होती, ती आपलं काम उरकून मोकळी! खालच्या ओळीपर्यंत कुणी पोचलंच नाही. ओळ उचलून वर ठेवली. पानाचं वजन पाव भागाहूनही कमी झालं.

"बंतु, बंतु!" आई ओरडली. मागून अक्का मोठ्यानं पत्र वाचू लागली. आई मधेच तिला थांबवून पुढचं वाक्य पाठ म्हणून दाखवायची. आम्ही दोघं इकडं गप्प ऐकत होतो.

मग ती म्हणाली, "आणि त्यांचं अक्षर रे? ते कुठाय?"

पोस्टकार्डांचे फोटो खाली होते, ते अजून येत होते. जेपीजी फोटो मुळातच दाबलेला असतो, जीझिपनं त्यात काही उरत नाही, म्हणून ते पॅकेज त्याला हातही लावत नाही. भाचा म्हणाला, फोटोच लहान करून टाकतो. आईनं ते ऐकलं.

"लहान नको करू म्हणावं त्याला. आधीच मला दिसत नाही. मी थांबते."