धुतलेल्या तुपाची गोडी

कोलकात्याच्या गार्डन रीचसमोर, हुगळीच्या पश्चिम तीरावर, १७८७ साली स्थापन झालेले वनस्पती उद्यान आहे. अलीकडच्या तीरावर मटियाबुर्जला वाजिद अली शाहचा दरबार १८५६ नंतर वसला. त्याआधीच या शहरात भांगेच्या मिठाईची शास्त्रीय नोंद होऊन गेली होती. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचा प्राध्यापक विल्यम ब्रूक ओशॉनेसी याने १८३९ च्या निबंधात माजूम बनविण्याची रीत लिहून ठेवली. रीत त्याची नव्हे, अमीर नावाच्या कारागिराची. साहेबाने ते नाव टाळले नाही, हे त्या काळाच्या मानाने विशेषच.

भांगेचा मातकट, कडवट वास घालविणे हीच अमीरची खरी कला. पाला, तूप आणि पाणी तो मंद आचेवर एकत्र आटवी. तूप तडतडू लागले की पाणी संपले, हे त्याचे तापमापक! मग गरम असतानाच मिश्रण फडक्यातून पिळून चोथा फेकून द्यायचा, आणि गोठलेले हिरवे तूप पाण्यात हाताने धूत राहायचे, पाण्याला रंग येईनासा होईपर्यंत. शतधौत घृत ठाऊक असलेल्या वाचकाला ही क्रिया परकी वाटणार नाही.

यामागचे रसायन सरळ आहे. नशा आणणारे टीएचसी मेदात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाहीच. तुरट टॅनिने मात्र पाण्याबरोबर वाहून जातात. हरितद्रव्यही मेदविद्राव्य, म्हणूनच धुऊनही तुपात फिकट हिरवी छटा उरे. धुवणही मादक असते आणि त्याने घसा आवळतो, असे अमीर सांगे. घशाचे ठीक, मादकतेचा दावा पटण्याजोगा नाही. तथापि टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित व्हायला १९६४ साल उजाडले. अमीरला ते कोण सांगणार?

पुढे साखर आणि दूध घालून वड्या पाडल्या जात. चव गोड, वास सुखद, असे ओशॉनेसी लिहितो. धोका नेमका इथेच आहे. कडूपणा हा घास आवरणारा पहारेकरी. तो गेला की मात्रेचा अंदाज जिभेला उरत नाही. ओढलेला धूर काही मिनिटांत अंमल दाखवितो, खाल्लेल्या वडीला मात्र अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. शिवाय यकृतात टीएचसीचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होते आणि तेही मादकच असते. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी वडी उचलणारा याच अवधीत फसतो. आणि घरातील लहान मूल तर तिला मिठाईच समजते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसता पाला वगळला आहे. त्यामुळे भांगेचे नियमन राज्याराज्यांत निराळे. अमीरच्या काळी हा कायदा नव्हता. गिऱ्हाइकाने खास मागणी केल्यास आपण माजुमात धोत्र्याचे बी घालतो, हेही त्याने ओशॉनेसीला मोकळेपणाने सांगितले. कुचला मात्र कधीच नाही.